आधी 'प्रश्न' तर वाचता येऊ दे!

2019 आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'ऐवजी 'साठ तीन' असंही वाचन आलं आणि आपण मीम्स फिरवत बसलो. विधानसभेतही खिल्ली उडाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या, की संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात आणि गणिताची भीती बसते. त्यांचा उपाय मला आजही पटत नाही, पण दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

तेच दुखणं आपल्या भिवंडीत बघा. यंत्रमागांमागे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबं, तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज, पिढ्यान्‌पिढ्या उर्दू बोलणारी घरं, आसपासच्या गावांत आगरी. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण घरी तेलुगू लिपी पाहिलेल्या मुलाला पहिलं अक्षर पूर्ण आणि दुसरं त्याच्या खाली लटकलेलं बघायची सवय असते. मराठीत बहुतेकदा पहिलंच अर्धं होतं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, दोन अक्षरांमध्ये 'अ' आहे की नाही ते शब्द ओळखूनच कळतं. हिंदी घरातलं मूल 'ज्ञान'ला 'ग्यान' म्हणतं. आणि 'इस्कूल' म्हणणाऱ्याला कॉलेजात कोण हसतं, ते तुम्हाला माहीत आहे!

खरं तर त्या 'इस्कूल'मध्येच शिकवण्याची किल्ली आहे. 'स्क' त्या मुलाला नीट म्हणता येतो, फक्त शब्दाच्या सुरुवातीला आला की जीभ अडखळते, म्हणून ती आधाराला 'इ' घेते. शब्दाच्या मध्ये आलेलं जोडाक्षर सोपं जातं. मग 'स्थान', 'स्पर्श' आधी कशाला? चप्पल, गल्ली, अम्मी, अब्बा, रस्ता, दोस्त हे शब्द इथल्या पोरांच्या तोंडात आहेतच. टाळी वाजवून तोडायचे: चप्-पल, रस्-ता. 'स'वर थांबायचं, 'ता'वर उडी मारायची. कानाला आणि जिभेला पटलं की मग पाटीवर अर्धा 'स' दाखवायचा. बऱ्याचदा होतं उलटं. पानभर जोडाक्षरं गिरवून घेतात आणि मूल चित्र काढल्यासारखं ती काढतं, वाचता मात्र येत नाहीत.

'र' सगळ्यात खट्याळ. चक्रात एक रूप, ट्रकमध्ये दुसरं, सूर्यात तिसरं, दऱ्यांमध्ये चौथं. त्यातही रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. त्याला शेवटी घ्या, घाई नको. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या, हा फरक आपल्यातल्या किती जणांना मोठ्याने वाचून दाखवता येईल? 'पुण्याला' हा शब्द तर शहरासाठी आणि पापपुण्यातल्या पुण्यासाठी लिहायचा सारखाच, पण उच्चारताना एका ठिकाणी 'पु'वर जोर आणि दुसरीकडे नाही. आपण हे कानाने शिकलो. ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्याने कुठून ऐकायचं?

हे वाचनापुरतंच राहत नाही. 'प्रश्न' या शब्दात दोन जोडाक्षरं आहेत, 'उत्तर', 'विज्ञान', 'इयत्ता', 'स्वाध्याय' सगळ्यांत आहेतच. तिसरी-चौथीतलं पोर पहिल्याच ओळीत अडलं, तर पुढचं गणित येत असूनही पेपर कोरा राहतो आणि शेरा मिळतो 'अभ्यास करत नाही'.

एनएसएसचे वर्षाला 120 तास आपल्याला भरायचेच असतात. भिंती रंगवणं, रॅली काढणं झालं असेल, तर त्यातले आठवड्याला दोन तास जवळच्या मनपा शाळेत मागून बघा. साहित्य काहीच लागत नाही. मुलाच्या मागे बसा, त्याला मोठ्याने वाचू द्या, अडला की लगेच शब्द सांगून टाकू नका. सुरुवात 'चप्पल'पासून. 'महाराष्ट्र'ला वेळ लागेल, त्यात ष, ट आणि र एकत्र आहेत.