असिपुत्री खिशांत आली

यंदाच्या मे महिन्यांत आमचा पुतण्या सुटीवर आला, तेव्हां त्यानें घरांतील प्रत्येकासाठीं कांहींना कांहीं आणलें. स्त्रियांना सुगंधी साबण, मुलांना चॉकलेटें, थोरल्या बंधूंना लोंकरीचा गळपट्टा (कल्याणच्या उकाड्यांत तो बिचारा कपाटांतच राहणार हें उघड आहे), आणि मला एक घडीचा चाकू. पुतण्या जिनिव्हास नोकरीला असतो. तेथून फ्रान्सचा साव्हॉय प्रांत अगदीं जवळ, आणि हा चाकू त्या प्रांतींचाच. विमानांत हातांतल्या पिशवींत चाकू ठेवूं देत नाहींत, म्हणून तो मोठ्या पेटींत, कपड्यांच्या घड्यांत झोपून आला.

"काका, आधीं एक रुपया काढा," पुतण्या म्हणाला. "तिकडे चाकू फुकट देत नाहींत. फुकट दिला तर स्नेह तुटतो म्हणतात."

मीं रुपया काढून दिला. कात्री रिकामी वाजविली तर भांडण होतें असें मानणारी मंडळी आमच्याच घरांत आहेत. तेव्हां त्या लोकांना हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. घरांतून मात्र प्रश्न आलाच, "अहो, या वयांत चाकू घेऊन कोणावर चालून जायचें आहे?"

वाचकहो, खरें सांगावयाचें तर सदुसष्टाव्या वर्षापर्यंत माझ्या स्वतःच्या मालकीचा चाकू कधीं नव्हता. एकत्र कुटुंबांत वस्तु घराच्या असतात. विळी स्वयंपाकघराची, अडकित्ता आजीच्या पानाच्या डब्याचा, आणि बोरू तासण्याचा कलमतराश वडिलांचा. त्यास आम्हां मुलांनीं हात लावावयाचा नाहीं. पुढें बोरू गेले, टाक गेले, पेन्सिलींना टोकयंत्र आलें, आणि खिशांत चाकू बाळगणारा माणूस म्हणजे हिंदी चित्रपटांतला खलपुरुष अशी आमच्या पिढीची समजूत झाली. त्या समजुतीला रामपूरच्या कारागिरांनीं हातभार लावला. 2023 सालीं तर त्या शहरानें आपल्या चौकांत सुमारें वीस फूट लांबीचा चाकू उभारला! अभिमान कशाचा धरावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

माझा चाकू त्या कुळांतला नव्हे. मिटलेला असतां तो बोटभर जाडीचा लांकडी तुकडाच वाटतो. पातें साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच वृक्षाच्या लांकडाची. आमच्या वाण्याच्या कांट्यावर घातला तेव्हां वजन पन्नास ग्रॅमांच्याही आंत भरलें. सदऱ्याच्या खिशांत ठेवल्यावर पहिले दोन दिवस तो हरवला असें वाटून मी चारचारदां खिसा चांचपीत असें. हत्यार म्हटलें म्हणजे तें जड असावें अशी माझी कल्पना होती. ती पहिल्याच दिवशीं मोडली. रचनाही अशी साधी कीं सातवींतल्या मुलास फळ्यावर काढून दाखवितां यावी: एक पातें, एक मूठ, एक खिळा आणि मुठीच्या तोंडाशीं पोलादाचें एक कडें. पात्याच्या खाचेंत नख घालून तें उघडावें आणि कडें फिरवावें; मग पातें मिटत नाहीं व बोटें शाबूत राहतात.

ओपिनेल हें त्या घराण्याचें नांव. हत्यारें घडविणाऱ्या लोहाराचा मुलगा जोसेफ ओपिनेल यानें 1890 सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, हा चाकू पहिल्यानें केला. 1897 त लहानमोठ्या बारा मापांचे चाकू झाले, त्यांतलीं दोन मापें मागाहून गळालीं. माझा आठ क्रमांकाचा. तें फिरणारें कडें मात्र 1955 सालचें. म्हणजे पासष्ट वर्षें लोकांनीं बिनकड्याचाच वापरला, आणि बोटेंही कांहीं कापून घेतलीं असतीलच.

आतां आमच्या शास्त्राचें थोडें. अमरकोशांत क्षत्रियवर्गांत सुरीला चार नांवें दिलीं आहेत: शस्त्री, असिपुत्री, छुरिका आणि असिधेनुका. असिपुत्री म्हणजे तलवारीची लेक. असिधेनुका म्हणजे जणूं खड्गाची गाय. ही कल्पना कोणास कशी सुचली तें असो. छुरिकेपासून आपली सुरी झाली. चाकू हा शब्द फारसींतून आला आणि घरचाच होऊन बसला. मला असिपुत्री हें नांव फार आवडलें. नातीला सांगितलें तर ती म्हणाली, "आजोबा, मग तलवार माहेरीं राहिली का?"

पहिला प्रयोग कैरीवर केला आणि फसला. पुतण्यानें कौतुकानें न गंजणारें पोलाद सोडून साधें, कर्बयुक्त पोलादाचें पातें निवडलें होतें. त्याला धार चांगली येते व दगडावर लवकर लागते. (न गंजणारें पोलाद म्हणजे क्रोमियम मिसळलेलें. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें 1913 सालीं तें सुरीपात्यांच्या कामीं आणलें.) पण कैरीच्या चार फोडी करतांच फोडींच्या कडा काळ्या पडल्या, आणि पात्यावर निळेंजांभळें ढग उमटले. लोणच्यासाठीं वाट पाहणाऱ्या मंडळींनीं ती कैरी मुकाट्यानें बाजूला सारली. "लोखंडाची चव येते," असा निर्णय झाला व मीं विळीच्या राज्यांत पुनः पाऊल टाकूं नये असें ठरलें.

मला मात्र त्या काळ्या कडा पाहून वडिलांची दौत आठवली. हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करीत, हें जुन्या माणसांस ठाऊक आहे. हिरड्यांतला तुरट अंश आणि हिराकशींतलें लोखंड यांचा संयोग झाला कीं काळा रंग उतरतो. कैरींतही तुरट अंश असतो, आम्ल असतें, आणि लोखंड माझ्या पात्यानें पुरविलें. म्हणजे मीं स्वयंपाकघरांत बसून फोडी केल्या नव्हत्या, शाई केली होती! समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे; वडील तो आम्हांकडून म्हणवून घेत आणि मग बोरूला तिरकस तास कसा द्यावा, मध्यें चीर किती खोल असावी, हें कलमतराशानें करून दाखवीत. कलम म्हणजे लेखणी. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मला नीट कळावयास यंदाचा पावसाळा उजाडावा लागला.

पाऊस लागला आणि चाकूनें असहकार पुकारला. बीचचें लांकूड दमट हवेंत फुगतें. साव्हॉयच्या डोंगरांत काय होत असेल तें असो, पण खाडीकांठच्या आषाढांत मुठीनें पात्याला असें आवळून धरलें कीं नख मोडलें तरी उघडेना. पुतण्यास विचारलें, तेव्हां त्यानें तिकडची युक्ति कळविली: मुठीचें मागचें टोंक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटावें, पातें आपण होऊन डोकें बाहेर काढतें. आपटलें, आणि खरोखरच निघालें. मूठ वाळवून जवसाचें तेल द्यावें असाही सल्ला होता. तें तेल माळ्यावरच्या ट्रंकेंत असावें म्हणून ट्रंक उतरविली.

तेल सांपडलें नाहीं. शाळा सोडतांना टेबलाच्या खणांतून एका पिशवींत भरून आणलेल्या वस्तु मात्र सांपडल्या: खडूंचे तुकडे, शिक्क्याची गादी, तांबड्या शाईची बाटली, आणि कागदांत गुंडाळलेला एक घडीचा चाकू. लांकडी मूठ, तोंडाशीं पितळेची पट्टी, पातें गंजून घट्ट बसलेलें. कागदावर माझ्याच अक्षरांत मुलाचें नांव, "सातवी ब", आणि तारीख, ऑगस्ट 1987.

तो मुलगा मामाकडे राहून कल्याणांत शिकत असे. वडील बदलापुराकडे एका आमराईंत कामाला होते. एका सोमवारीं त्याच्या दप्तरांत हा चाकू निघाला. बाजारांत धार लावायला वडिलांनीं दिला आहे असें तो म्हणाला. एका बाजूनें, एका बाजूनें, असें कांहींतरी पुनःपुन्हां पुटपुटत होता, तें मला समजलें नाहीं व वर्ग हंसला. तेव्हां माझें वय एकोणतीस होतें, आणि शिस्त ही गोष्ट मला फार मोठी वाटत असे. मीं चाकू काढून घेतला, त्यास दोन तास बाकावर उभें केलें, आणि "वडिलांना घेऊन ये, मग मिळेल" असें सांगितलें. वडील आले नाहींत. मुलानेंही पुनः मागितला नाहीं. मीं त्याचा अर्थ असा घेतला कीं तो खोटें बोलत होता.

आतां माझ्या खिशांत स्वतःचा चाकू होता. खिशांतल्या चाकूला रोजचीं साधीं कामें असतात हें मला अडीच महिन्यांत पटलें होतें: पार्सलाचा दोरा, पोराच्या पतंगाची काडी, देवाच्या उदबत्तीच्या पुड्याचें तोंड. त्या दिवशीं दुपारीं जेवण गेलें नाहीं.

पारनाक्यावर सायकलवर चाक बांधून धारवाला अजून अधूनमधून येतो. तो येईपर्यंत चार दिवस थांबलों. त्याच्याकडून गंज काढविला, पातें दोन्ही बाजूंनीं लख्ख पाजवून घेतलें. मग एका जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता काढला. बदलापूरच्या बाहेर त्या मुलाची स्वतःची रोपवाटिका आहे असें कळलें. (कायद्याची भीति घालणाऱ्या बंधूंसाठीं: 2016 च्या शस्त्रनियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा. तरीही मीं चाकू रुमालांत बांधून पिशवीच्या तळाशीं ठेवला व दुपारची मोकळी कर्जत लोकल धरली.)

मुलगा कसला, केंस पिकलेला गृहस्थ. मांडवाखालीं पाटावर बसून कोय कलमें करीत होता. मीं नांव सांगितलें तसा गडबडीनें उठूं लागला. "हातांतलें काम होऊं दे" म्हणून मीं त्यास बसविलें. कोयींतून नुकतें उगवलेलें, तांबूस पानांचें रोप त्यानें वितभरावर नव्हे, चार बोटांवर छाटलें. दांड्याच्या मधोमध उभी चीर दिली. चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी घेऊन तिचें खालचें टोंक दोहों बाजूंनीं पाचरीसारखें तासलें, तें चिरेंत बसविलें आणि प्लास्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधलें. तास एकेका ओढींत. दुसऱ्यांदा पातें फिरवावयाचें नाहीं. काप सपाट नसेल तर मध्यें पोकळी राहते आणि कलम मरतें, असें तो म्हणाला. वडील अगदीं हेंच बोरूबद्दल म्हणत. आंगठा चिकानें काळा झालेला होता.

मीं रुमाल सोडून चाकू पुढें केला. त्यानें तो ओळखला नाहीं. कागद दाखविला, तेव्हां वाचून बराच वेळ गप्प राहिला.

"चाकू नव्हता आठवत, सर," तो म्हणाला. "बाकावर उभा होतों तें आठवतें. बाबांनीं त्या पावसाळ्यांत दाढीच्या पात्यानें कलमें केलीं."

"ते शाळेंत कां आले नाहींत?"

"एका दिवसाची मजुरी जायची ना. आणि मास्तरांशीं काय बोलायचें, म्हणाले."

"ते आहेत?"

"नाहींत. दहा वर्षें झालीं."

"माझी चूक झाली," असें मी म्हणालों. हें वाक्य मीं गाडींत विठ्ठलवाडीपासून मनांत घोळवीत आणलें होतें, आणि तें चांगलें लांब होतें. तोंडांतून तेवढेंच निघालें. त्यानें मान हलविली. ती होकारार्थी कीं नकारार्थी तें मला सांगतां येणार नाहीं.

मग त्यानें चाकू उघडला, पातें उजेडाकडे धरून आडवें पाहिलें आणि आंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलें.

"धार कोणी लावली, सर?"

"पारनाक्यावर. चांगली नाहीं लागली?"

"लागली चांगली. पण दोन्ही बाजूंनीं लावलीय. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनें लावतात, दुसरी बाजू सपाट ठेवायची. नाहींतर काप गोल येतो."

मीं विचारलें, आतां हा फुकट गेला का?

"नाहीं. दगडावर घांसून एक बाजू पुनः सपाट करावी लागेल. दोन दिवस जातील," असें म्हणून त्यानें तो मिटून सदऱ्याच्या खिशांत टाकला आणि पुढचें रोप हातांत घेतलें.