महानगरातील घर : ओढ आणि ओझे

लग्नाची बोलणी करावयास बसलेल्या वडीलधाऱ्यांकडून अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘मुलाचा मुंबईत फ्लॅट आहे का?’ मुलाच्या घरी वाडी आहे, अंगण आहे, विहीर आहे, पूर्वजांनी बांधलेले कौलारू घर आहे, हे सारे ऐकून घेतले जाते. परंतु त्याचे वजन पूर्वीइतके राहिलेले नाही. बोरिवलीच्या एखाद्या इमारतीतील साडेतीनशे-चारशे चौरस फुटांची सदनिका त्या सर्वांवर मात करते. ज्या वसईने मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला पुरविला, त्या वसईतील तरुणालाही आज मुंबईत घर हवे आहे. याकडे ‘शहराचा मोह’ म्हणून बोट दाखविणे सोपे आहे. आम्हांस मात्र ते अन्यायाचे वाटते. या ओढीमागे खरी कारणे आहेत. ती समजून घेतल्याखेरीज तिची किंमतही समजणार नाही.

ओढ कशाची?

मुंबईची ओढ ही प्रथम कामाची ओढ होती. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी आगगाडी सुरू झाली आणि उत्तरेकडील गावे शहराला जोडली गेली. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. कोकणातून आलेले गिरणी कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. गोव्यातून आलेले खलाशी धोबी तलाव, माझगाव परिसरातील आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये उतरत. तेथे एक पेटी ठेवावयास जागा, निजावयास चटई आणि सायंकाळच्या प्रार्थनेसाठी एक वेदी असे. यांपैकी फारच थोड्यांच्या मनात मुंबईत घर विकत घेण्याचा विचार असे. शहर कमाईचे आणि गाव राहण्याचे, अशी वाटणी होती.

ही वाटणी पुढे मोडली. कारण शहराने केवळ रोजगार दिला नाही. मुलांना शाळा-महाविद्यालये मिळाली, दुर्धर आजारावर उपचार मिळाले, एकट्या स्त्रीला नोकरी करून सन्मानाने जगता आले. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले होते, त्यांना गिरणीच्या दारात आणि चाळीच्या जिन्यात निदान काही प्रमाणात मोकळा श्वास घेता आला. जन्मावरून नव्हे, तर कामावरून ओळख मिळण्याची शक्यता हे महानगराचे सर्वांत मोठे आकर्षण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक होती. एवढी माणसे केवळ झगमगाटाला भुलून येत नाहीत.

विकतच का घ्यावे?

परंतु शहरात राहणे वेगळे आणि शहरात घर विकत घेणे वेगळे. पूर्वी मुंबईतील बहुसंख्य कुटुंबे भाड्यानेच राहत होती. शासनाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळींच्या २०७ इमारती बांधल्या, त्या भाड्याने देण्यासाठीच. मग भाड्याचे घर गेले कुठे?

याचे एक मोठे कारण कायद्याच्या इतिहासात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. महागाईच्या काळात गरिबांचे रक्षण करणे हा त्यामागील हेतू चांगला होता. परंतु भाडे वाढत नाही म्हणून मालकाने डागडुजी सोडली, आणि नव्याने भाड्याची इमारत बांधणे कोणालाच परवडेनासे झाले. पागडीची पद्धत रूढ झाली. जुन्या इमारती खचू लागल्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीस परवानगी दिली खरी, पण तोवर अर्धशतक उलटले होते. आज नव्या भाडेकरूच्या हाती पडतो तो बहुधा अकरा महिन्यांचा करार. मूल शाळेत रुळते न रुळते तोच सामान बांधावे लागते. दलाली पुन्हा, अनामत पुन्हा, आणि काही ठिकाणी ‘तुम्ही कोण, मांसाहार करता का?’ हे प्रश्नही पुन्हा. आडनाव ऐकून दार मिटल्याचा अनुभव आपल्यापैकी काहींना आहेच.

म्हणजे मध्यमवर्गीय माणूस घर विकत घेतो तो सदैव गुंतवणुकीच्या हव्यासाने नव्हे. आपल्याला कोणी उठवू नये, एवढेच त्याला हवे असते. दुसरीकडे, २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने २०११ च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले की, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. ज्या शहरात लक्षावधी लोक झोपडपट्टीत राहतात, त्याच शहरात लक्षावधी घरांना कुलूप असावे, हा योगायोग नव्हे. घर हे निवाऱ्याचे साधन न राहता संपत्ती साठविण्याची तिजोरी झाले, याचा तो पुरावा आहे.

हप्त्यांचे ओझे

आता किंमत पाहू. ५० लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४३ हजार ४०० रुपये येतो. वीस वर्षांत एकूण फेड होते १ कोटी ४ लाखांहून अधिक. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. त्यात मुंबईतील ६ टक्के मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वाहनतळ आणि सोसायटीचा मासिक खर्च वेगळा. आणि मुंबईत ५० लाखांच्या कर्जात मिळणारे घर बहुतेक वेळा लहानच असते.

या आकड्यांचा अर्थ कुटुंबाच्या दिनक्रमात उमटतो. पती-पत्नी दोघांनाही नोकरी करणे अनिवार्य ठरते. मूल पाळणाघरात किंवा आजीकडे वाढते. नोकरी आवडो न आवडो, सोडता येत नाही. दुसऱ्या अपत्याचा विचार हप्त्यापाशी येऊन थांबतो. म्हातारे आईवडील गावच्या मोठ्या घरात एकटे उरतात, कारण शहरातील घरात त्यांच्या खाटेला जागा नाही. घर घेतले जाते कुटुंबासाठी. मात्र ते घेताना कुटुंबच विखुरते की काय, हा प्रश्न प्रत्येक तरुण जोडप्याने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे.

शहराची सरकती वेस

ज्यांना मुंबई परवडत नाही, त्यांच्यासाठी मुंबईची वेस पुढे सरकते. १९९० साली वसई-विरार परिसरासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने पाणी, शेती आणि झाडे यांसाठी जे आंदोलन उभारले, ते वाचकांस ठाऊक आहे. २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर पोहोचली होती.

या वाढीची काळी बाजू गेल्या काही वर्षांत उघड झाली. नालासोपारा पूर्वेकडील अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या प्रारंभी त्या पाडण्यात आल्या. तेथील रहिवाशांनी आयुष्याची पुंजी मोजून घरे घेतली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ही माणसे महानगराच्या ओढीनेच आली होती. त्यांची चूक एवढीच की, त्यांना परवडणारे घर कायदेशीर बाजारात उपलब्ध नव्हते.

येथे आपणांस स्वतःकडेही पाहावे लागेल. मुंबईतील सदनिकेचा पहिला हप्ता भरण्यासाठी वाडीचा तुकडा विकला जातो. त्या तुकड्यावर इमारत उठते आणि त्यातील सदनिका कर्ज काढून दुसरे गरजू कुटुंब घेते. एकाचे मूळ उपटते, दुसऱ्याचे रुजत नाही. विक्रेत्याला व्यवहाराचे पैसे मिळतात, पण विहिरीचे पाणी, ओढ्याची वाट आणि पावसाळ्यात पाणी मुरावयाची जागा यांची किंमत खरेदीखतात लिहिलेली नसते. ती पुढे पूर आला की साऱ्या गावाला मोजावी लागते.

मार्ग कोणते?

पहिला मार्ग सहकाराचा. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९१८ साली, वांद्रे परिसरात साल्सेट कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सामान्य नोकरदारांनी एकत्र येऊन जमीन घ्यावी, घरे बांधावीत आणि नफेखोराला मध्ये येऊ देऊ नये, ही कल्पना आपल्या समाजाला शंभर वर्षांपूर्वी सुचली होती. आज आपण तिला विसरलो आहोत. मात्र सहकाराने दुसऱ्यास दार बंद करावे, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. जे दार आपल्याला मिटलेले आवडत नाही, ते आपणही मिटू नये.

दुसरा मार्ग सावधगिरीचा. १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे. नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकाचीच असते. तथापि केवळ नोंदणी क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे ही नोंदणी मिळविल्याचे २०२२ साली उघडकीस आले. म्हणून सातबारा, बिगरशेती आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र संबंधित कार्यालयात स्वतः जाऊन पडताळावे, आणि मालकी हक्काचा शोध वकिलाकडून घ्यावा. प्रत्येक धर्मग्रामात एखादा वकील, एखादा अभियंता, एखादा निवृत्त बँक अधिकारी असतोच. महिन्यातून एक रविवार त्यांनी मिस्सानंतर तासभर बसून कागद तपासून दिले, तरी कित्येक संसार बुडण्यापासून वाचतील.

तिसरा मार्ग शासनाचा आहे : भाड्याच्या घराला पुन्हा प्रतिष्ठा आणि स्थैर्य देणे. घरमालकाला योग्य भाडे व ताब्याची हमी, आणि भाडेकरूला किमान काही वर्षे निश्चिंत राहण्याची हमी, या दोन्ही एकाच कायद्यात बसू शकतात. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सार्वजनिक जमीन सामान्यांच्या घरासाठी वापरता येते, हे त्यातून दिसले. इच्छाशक्ती हवी.

महानगरात जाऊ नका, असे तरुणांना सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. तेथे शिक्षण आहे, काम आहे, नव्या ओळखीची संधी आहे. आमचे सांगणे एवढेच की, घर घेताना चौरस फुटांबरोबर माणसेही मोजावीत. हप्ता भरून झाल्यावर जेवणाच्या टेबलाभोवती कोण बसणार आहे, याचा हिशेब आधी मांडावा. आणि ज्यांनी वाडीतच राहावयाचे ठरविले आहे, त्यांच्या मुलाला मुलगी देताना मुंबईतील फ्लॅटचा प्रश्न विचारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी क्षणभर थांबावे. आपल्या मुलांवर ते ओझे ठेवणाऱ्यांत आपलाही हात आहे.