लाल शाईची नोंद : शिक्षा भोगून झाली, तरी फाईलमधला डाग जातो का?

माजिवडा (ठाणे) : रजा संपली, पण आई दवाखान्यात. जवान आठ दिवस उशिरा युनिटला पोचला. सीओंसमोर उभा राहिला, चूक कबूल केली, शिक्षा भोगली. घरच्यांना वाटलं विषय मिटला. पाच-सहा वर्षांनी प्रमोशन अडलं किंवा हातात कारणे दाखवा नोटीस पडली, तेव्हा कळलं की ते आठ दिवस कंडक्ट शीटवर लाल शाईत तसेच बसलेत.

अशी गोष्ट आपल्या शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या कुठल्याही गावात घडू शकते. प्रश्न सगळीकडे एकच असतो : ही जुनी नोंद काढता येते का?

थोडक्यात उत्तर असं. "माझी नोंद काढून टाका" एवढ्या अर्जावर ती निघत नाही. शिक्षाच चुकीची होती हे दाखवता आलं तर निघू शकते. आणि नोंद कायम राहिली तरी तिचं ओझं कमी करता येतं. त्यासाठी एकच गोष्ट लागते : उशीर का झाला, गुन्हा कशामुळे घडला, हे वेळेवर कागदावर आलेलं असलं पाहिजे.

आत्ताच का बोलायचं?

अग्निवीरांमुळे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि लष्कराच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं. म्हणजे या पोरांची चार वर्षं २०२६ अखेर ते २०२७ च्या सुरुवातीला भरतात. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. निवड चार वर्षांतल्या कामगिरीवर होणार. जुन्या भरतीतल्या जवानाला एक डाग धुवायला दहा-बारा वर्षं मिळायची. अग्निवीराला तेवढा वेळ नाही.

लाल शाई म्हणजे काय?

आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर कोर्ट मार्शल न करता जवानाला थेट शिक्षा देऊ शकतो. त्यात २८ दिवसांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन, पगारातून दंड, ताकीद वगैरे येतं. जड शिक्षा कंडक्ट शीटवर लाल शाईने लिहितात, हलक्या काळ्या शाईने. बोलताना जवान त्याला "रेड इंक" म्हणतात.

ही नोंद पुढे अनेक ठिकाणी आडवी येते. नायक, हवालदार होताना बघतात. सेवावाढ देताना बघतात. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा लिहिताना बघतात, आणि तोच शेरा डीएससीत पुन्हा भरती होताना किंवा बाहेर नोकरी शोधताना कामाला येतो. सगळ्यात मोठा फटका पेन्शनचा. जवानाला सेवेची पेन्शन १५ वर्षांनंतर लागू होते. तेराव्या वर्षी घरी पाठवलं तर ती गेली.

चार नोंदी झाल्या म्हणजे घरी जायचं?

जवानांमध्ये एक समज पक्का बसलाय : चार रेड इंक झाल्या की नोकरी गेली. हा समज अर्धाच खरा आहे.

लष्कराच्या मुख्यालयाने २८ डिसेंबर १९८८ रोजी काढलेलं पत्र आहे. चार नोंदी झाल्यावर जवानाला सेवामुक्त करता येतं, पण केलंच पाहिजे असं नाही. आधी चौकशी व्हावी, त्याला नोटीस द्यावी, त्याचं उत्तर ऐकावं, असं त्यात आहे. वीरेंद्र कुमार दुबे या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला याच पत्राचा आधार घेतला. दुबे १९९१ मध्ये भरती झाले होते आणि बारा वर्षांहून जास्त सेवा झाल्यावर लाल नोंदींच्या कारणावरून त्यांना काढलं होतं. न्यायालयाने म्हटलं, नुसत्या नोंदी मोजून चालणार नाही. गुन्हे कसले होते, सेवा किती झाली, जवान अवघड ठिकाणी तैनात होता का, पेन्शन किती जवळ आली होती, हे सगळं बघायला हवं. सेवामुक्तीचा आदेश रद्द झाला. पेन्शनला लागणारी वर्षं भरेपर्यंत दुबे सेवेतच होते असं धरायला सांगितलं. मागचा पगार मात्र मिळाला नाही.

दुसरं प्रकरण याच्या उलट गेलं. सतगुर सिंग या शिपायाच्या बाबतीत २ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सेवामुक्ती कायम ठेवली. तेही पुन्हा पुन्हा गैरहजर राहिले होते. नोटीस मिळाली, उत्तरही दिलं, पण घरच्या अडचणीमुळे उशीर झाला, एवढंच मोघम. कधी, कुठली अडचण, पुरावा काय, यातलं काही नाही. न्यायालयाने म्हटलं, नोटीस देऊन उत्तराचा विचार झाला असेल तर मोठी औपचारिक चौकशी झाली नाही म्हणून आदेश चुकीचा ठरत नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. नियम तोच, कोर्ट तेच. कोर्टाने दोन्हीकडे विचारलं की या माणसाच्या परिस्थितीचा विचार झाला का. पण विचार व्हायला आधी ती परिस्थिती फाईलमध्ये असावी लागते.

कायद्यातच "पुरेसं कारण" लिहिलंय

रजा संपून उशिरा जाण्याचा गुन्हा आर्मी ॲक्टच्या कलम ३९ मध्ये आहे. त्यातले शब्द नीट बघा : "पुरेशा कारणाशिवाय" रजेपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा. म्हणजे कारण पुरेसं असेल तर तो बचाव आहे, आणि तो पहिल्याच सुनावणीत मांडायचा असतो. आपली पोरं तिथे काय करतात? "चूक झाली साहेब" म्हणून मोकळी होतात. वाद नको, लवकर मिटू दे, असा विचार असतो. तो समजण्यासारखा आहे. पण कागदावर फक्त "गुन्हा कबूल" एवढंच उरतं. आईचं ऑपरेशन, पुरात वाहून गेलेला रस्ता, बायकोचं बाळंतपण, यातलं काहीच उरत नाही.

लष्कराची बाजूही रास्त आहे. सीमेवरच्या चौकीत एक माणूस आला नाही तर दुसऱ्याची रजा अडते, तिसऱ्यावर डबल ड्युटी पडते. शिस्त सैल करा असं कुणी म्हणत नाही. अडचण खरी होती का बहाणा, हे ओळखायला अधिकाऱ्याच्या हातातही कागदच लागतो.

चंदू चव्हाण प्रकरणाने काय दाखवलं

महाराष्ट्रात हा विषय घराघरात गेला तो धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरच्या चंदू चव्हाण यांच्यामुळे. ३७ राष्ट्रीय रायफल्समधले चव्हाण २९ सप्टेंबर २०१६ ला नियंत्रण रेषेपलीकडे गेले आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवरून परत आले, तेव्हा जिल्ह्याने आनंद केला. पण पुढे कोर्ट मार्शल झालं आणि ८९ दिवसांच्या कैदेची शिक्षा झाली. २०१९ मध्ये छळ होतोय असं सांगत त्यांनी राजीनामा देत असल्याचं जाहीर केलं. लष्कराने आरोप नाकारले आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची इतरही प्रकरणं असल्याचं सांगितलं. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा इथे करायचा नाही. पण एकदा नोंदी साचल्या की पुढच्या प्रत्येक वादात आधी त्याच बाहेर येतात, हे या प्रकरणात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

ठाण्याचा जुना दाखला

माजिवडा नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल, की फेब्रुवारी १९४६ च्या नौदलाच्या उठावात ठाण्याचा "अकबर" हा तळही सामील होता. १८ फेब्रुवारीला मुंबईच्या "तलवार" तळावर संप सुरू झाला, २३ ला मिटला. शेकडो नाविकांना नोकरीवरून काढलं. स्वातंत्र्य आलं तरी त्यांना नौदलात परत घेतलं नाही. कित्येक वर्षांनी केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शन योजनेत या उठावाला मान्यता मिळाली. बडतर्फीचा कागद तसाच राहिला, पण तो वाचायची नजर बदलली. तोवर अनेकांचं उमेदीचं वय निघून गेलं होतं.

आजच्या जवानाला इतकं थांबायची गरज नाही. वाटा आहेत, पण त्यांना मुदती आहेत.

मग करायचं काय?

१. आधी कागद मिळवा. कंडक्ट शीट, आरोपपत्र, सुनावणीचे कागद यांच्या प्रती मागा. मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःचे कागद मागायला संकोच कसला?

२. सीओने दिलेल्या शिक्षेबद्दल तक्रार असेल तर कलम २६ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागता येते. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार, त्याच्या वरच्याकडे अर्ज जातो. अर्जात तारखा आणि पुरावे हवेत. भावना कमी, कागद जास्त.

३. कोर्ट मार्शल झालं असेल तर कलम १६४ खाली निकालाविरुद्ध अर्ज करता येतो.

४. तिथे दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आधी लष्करातले मार्ग वापरून झालेले हवेत आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. तक्रारीला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत जायचं. उशिराचं योग्य कारण दिलं तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं, पण त्यावर विसंबू नका.

५. एक खाच लक्षात ठेवा. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली नसेल, तर ते प्रकरण एएफटीच्या कक्षेत येत नाही. तेव्हा उच्च न्यायालयाचा मार्ग वकिलाला विचारा.

६. नोटीस आली तर "घरची अडचण होती" एवढ्यावर उत्तर संपवू नका. प्रत्येक नोंदीचं वेगळं कारण लिहा. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, रेल्वेचं तिकीट, ग्रामपंचायतीचा दाखला, युनिटला केलेला फोन किंवा मेसेज, जे असेल ते जोडा. किती वर्षं सेवा झाली, कुठल्या अवघड ठिकाणी काढली, कुठली पदकं मिळाली, तेही लिहा. दुबे प्रकरणात कोर्टाने हेच बघायला सांगितलंय.

घरच्यांचं काम

अर्जावर सही जवानाचीच लागते, पण पुरावे गावात असतात आणि ते सांभाळणं घरच्यांच्या हातात आहे. दवाखान्याची फाईल फेकू नका. उशीर होणार असं दिसलं तर रजा संपायच्या आधी युनिटला कळवायला लावा आणि तो मेसेज जपून ठेवा. तीस दिवस गैरहजेरी झाली की कलम १०६ खाली चौकशी बसते आणि प्रकरण जड होतं. त्यामुळे "राहू दे अजून थोडे दिवस" असा आग्रह करू नका.

रागाच्या भरात व्हिडिओ टाकायला लावू नका. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव यांचा जेवणाबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला. एप्रिलमध्ये ते बडतर्फ झाले. लाखो लोकांनी बघितलं, पण नोकरी वाचली नाही.

"पैसे द्या, नोंद उडवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. मोफत कायदेशीर मदतीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये जवानांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिची चौकशी करा.

तुमच्या घरचा जवान पुढच्या वेळी रजेवर आला की त्याला एक विचारा : कंडक्ट शीटवर काय लिहिलंय ते कधी बघितलंस का? नसेल बघितलं, तर युनिटला परत गेल्यावर पहिलं काम ते.