‘चांगले रक्त’ म्हणजे काय?



एड्स दिनानिमित्त एका शाळेत माझे व्याख्यान होते. शेवटी नववीतल्या एका मुलाची चिठ्ठी आली : “ज्यांचे रक्तच चांगले असते त्यांना एचआयव्ही काही करीत नाही, हे खरे का?” मी पडलो पदार्थविज्ञानाचा शिक्षक. काहीतरी अर्धवट सांगून त्या दिवशी वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तके चाळत बसलो. त्या मुलाचे देणे आज फेडतो.

प्रश्नात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. औषध न घेतल्यास लागण झाल्यापासून एड्स होईपर्यंत सरासरी दहा वर्षे जातात. पण कोणाला दोन-तीन वर्षांतच एड्स होतो, तर मोजके लोक औषधावाचून वीस वर्षेही धडधाकट राहतात. विषाणू तोच, मग हा फरक का?

एक कारण १९९६ साली सापडले. एचआयव्ही आपल्या रक्तातील सीडी-४ पेशींत शिरतो. त्यासाठी त्याला पेशीच्या पृष्ठभागावरील दोन प्रथिने लागतात : एक सीडी-४ आणि दुसरे, बहुतेक वेळा, सीसीआर-५. काही माणसांच्या सीसीआर-५ च्या जनुकातून ३२ अक्षरे गळालेली असतात. आई आणि वडील या दोघांकडूनही असाच जनुक मिळाला, तर ते प्रथिन पृष्ठभागावर येतच नाही आणि विषाणू दाराशीच अडतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात सुमारे एक जण असा असतो. भारतात मात्र असा माणूस अत्यंत विरळा.

दुसरे कारण सहाव्या गुणसूत्रावर आहे. तेथील एचएलए जनुक जी प्रथिने घडवितात, त्यांचे काम दुकानाच्या दर्शनी फळीसारखे असते. पेशीच्या आत जी प्रथिने तयार होतात त्यांचे लहान तुकडे ही फळी बाहेर मांडून ठेवते. गस्त घालणाऱ्या मारक पेशी ते पाहतात आणि परका तुकडा दिसला की त्या पेशीचा नाश करतात. कोणता तुकडा मांडला जाईल, हे फळीच्या खाचेच्या आकारावर ठरते. बी-५७ आणि बी-२७ या प्रकारच्या फळ्या विषाणूच्या गाभ्यातील अशा भागांचे तुकडे मांडतात की जे बदलायला गेल्यास विषाणू स्वतःच दुबळा होतो. अंगरखा बदलणे सोपे, कणा बदलणे अवघड! उलट बी-३५ चे काही प्रकार असलेल्यांत रोग लवकर बळावतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात विषाणूला आपोआप काबूत ठेवणाऱ्या सुमारे एक हजार लोकांची तुलना अडीच हजारांहून अधिक इतर रुग्णांशी केली होती. सगळी गुणसूत्रे धुंडाळली, तरी ठळक फरक दिसले ते या एचएलएच्या परिसरातच.

“म्हणजे रक्त चांगले-वाईट असतेच ना, सर?” असे तुम्ही म्हणाल. माझा मतभेद येथेच आहे.

किरणोत्सर्गी अणूंचा अर्धायुष्यकाल तुम्ही शिकला आहात. त्यावरून ढिगातले निम्मे अणू केव्हा फुटतील ते सांगता येते. परंतु हाच एक अणू केव्हा फुटेल ते सांगता येत नाही. माणसे अणूंसारखी एकसारखी नसतात, हे खरे. पण धडा तोच आहे. बी-५७ असलेल्यांची सरासरी चांगली असते, तरीही त्यांतल्या अनेकांना एड्स झालेला आहे. सीसीआर-५ नसलेल्या माणसांनाही, दुसऱ्या दाराने शिरणाऱ्या विषाणूची लागण झाल्याची थोडी उदाहरणे नोंदलेली आहेत. समूहाची सरासरी म्हणजे व्यक्तीची जन्मपत्रिका नव्हे.

शिवाय ‘चांगला’ कशासाठी? बी-२७ असलेल्यांना पाठीचा कणा आखडणाऱ्या संधिविकाराचा धोका अधिक असतो. सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा ताप अधिक जाचतो. २०१८ साली एका चिनी संशोधकाने जुळ्या मुलींच्या भ्रूणावस्थेतच या जनुकात कापाकापी केल्याचे जाहीर केले. जगभर संताप उसळला आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. माझ्या मते तो संताप रास्त होता. जे संकट साध्या उपायांनी टळते, त्यासाठी त्याने जन्मापूर्वीच त्या मुलींवर अनिश्चिततेचे ओझे लादले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आईकडून आणि वडिलांकडून वेगवेगळे एचएलए मिळालेल्या माणसांत एचआयव्ही हळू बळावतो, असे १९९९ साली दाखविले गेले. फळ्या दोन तऱ्हेच्या, म्हणून तुकडेही अधिक तऱ्हांचे मांडले जातात. समाजाचेही तसेच आहे. सर्वांच्या फळ्या एकसारख्या असत्या, तर त्या चुकविणारा एकच विषाणू सर्वांना पुरून उरला असता. तेव्हा आपले बळ एखाद्या ‘उत्तम’ रक्तात नसून रक्तारक्तांतील वेगळेपणात आहे.

आणि व्यवहाराचे काय? आजची औषधे बी-५७ वाल्यालाही लागू पडतात आणि बी-३५ वाल्यालाही. वेळेवर चाचणी करून औषध नियमित घेणारा माणूस जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतो. जनुक निवडणे आपल्या हाती नाही. चाचणीला उशीर न करणे आहे.

शिक्षकमित्रांना एक विनंती. एका बाकावर बसल्याने किंवा एका माठातले पाणी प्यायल्याने एचआयव्ही पसरत नाही. अशा मुलाला शाळेत वेगळे वागविणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही ‘वाईट रक्त’ हा शब्द वर्गात कानांवर पडतो. तो ऐकू आला, तर त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवा आणि फळीवरच्या तुकड्यांची ही गोष्ट मुलांना सांगा.

आणि चिठ्ठी पाठविणाऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : रक्त वेगवेगळे असते. चांगले आणि वाईट हे शब्द आपण त्याला मागाहून चिकटवितो.