विश्लेषण : कच्चथीवू परत मिळाले तरी रामेश्वरमच्या मच्छीमारांची अटक थांबेल का?

रामेश्वरम, मंडपम किंवा नागपट्टिनमच्या बोटी श्रीलंकेच्या नौदलाने पकडल्याची बातमी आता इतकी नित्याची झाली आहे, की आतल्या पानावर चार ओळींत ती उरकली जाते. २०२४ या एका वर्षात पाचशेहून अधिक भारतीय मच्छीमार पकडले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये अशाच एका कारवाईत श्रीलंकेच्या नौदलातील खलाशाचा जीव गेला आणि ऑगस्टमध्ये नौदलाच्या नौकेशी धडक होऊन रामेश्वरमच्या मच्छीमाराचा. अशी घटना घडली की तमिळनाडूतून एकच मागणी होते : कच्चथीवू परत घ्या. २ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडू विधानसभेने पुन्हा तसा ठराव केला. मात्र या वादाचे मूळ बेटापेक्षा पन्नास वर्षांपूर्वीच्या दोन करारांत आणि त्याहून अधिक जाळ्यांच्या प्रकारात आहे.

१९७४ च्या करारात नेमके काय होते?

कच्चथीवू म्हणजे पाल्कच्या सामुद्रधुनीतील २८५ एकरांचा निर्जन तुकडा. गोड्या पाण्याची सोय नाही, वस्ती नाही. सेंट अँथनीचे एक चर्च आहे आणि तेथील वार्षिक उत्सवाला दोन्ही देशांचे भाविक जातात. जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी या भागाची सागरी सीमा आखणारा करार केला. रेषा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यापासून एक मैलावरून गेली, म्हणजे बेट श्रीलंकेकडे गेले.

राजकीय भाषणांत येथेच गोष्ट संपते. पण करारातील पुढची दोन कलमे मच्छीमारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती. पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमार व यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणे बेटावर जाण्याची मुभा दिली, तीही व्हिसाशिवाय. सहाव्या कलमाने दोन्ही देशांच्या नौकांचे एकमेकांच्या पाण्यातील परंपरागत हक्क कायम ठेवले. हे हक्क म्हणजे केवळ ये-जा की मासेमारीही, हे मात्र स्पष्ट लिहिले नाही. दोन्ही राजधान्यांना तेव्हा हा मोघमपणा सोयीचा होता. त्याची किंमत पुढे समुद्रात जाणाऱ्यांनी मोजली.

मग हक्क गेले कधी?

२३ मार्च १९७६ रोजी. त्या दिवशी मन्नारचे आखात आणि बंगालच्या उपसागरातील सीमेचा दुसरा करार झाला आणि सोबत दोन्ही परराष्ट्र सचिवांनी पत्रांची देवाणघेवाण केली. एका देशाच्या मच्छीमारांनी दुसऱ्याच्या पाण्यात त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय मासेमारी करायची नाही, असे त्या पत्रांत ठरले. देशात आणीबाणी होती. तमिळनाडूतील करुणानिधी सरकार दोनच महिन्यांपूर्वी बरखास्त झाले होते. ज्यांच्या पोटावर परिणाम होणार होता, त्यांना विचारायला विधानसभाच शिल्लक नव्हती.

भारताला काहीच मिळाले नाही, असेही नाही. कन्याकुमारीच्या दक्षिणेकडील मासळीने समृद्ध ‘वेज बँक’ भारताच्या वाट्याला आली. तेथे श्रीलंकेच्या बोटींना मर्यादित सवलत मिळाली ती केवळ तीन वर्षांसाठी. देवाणघेवाण म्हणून हा सौदा वाईट नव्हता, पण फायदा एका किनाऱ्याला आणि तोटा दुसऱ्याला झाला. कन्याकुमारीची मासळी रामेश्वरमच्या बोटीत येत नाही.

संघर्ष आताच का चिघळला?

करार झाल्यावरही बोटी पलीकडे जातच राहिल्या. १९८३ पासून २००९ पर्यंत श्रीलंकेत यादवी युद्ध होते आणि जाफना, मन्नारच्या तमिळ मच्छीमारांवर समुद्रात जाण्यास कडक निर्बंध होते. पलीकडचे पाणी रिकामे होते. नौदलाच्या गोळीबाराची भीती होती, तरी कोळंबी मिळत होती. याच काळात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ट्रॉलरचा व्यवसाय फोफावला.

पाल्कचा उपसागर अतिशय उथळ आहे. ट्रॉलरचे ओढजाळे इंजिनाच्या ताकदीवर तळावरून खरवडत नेले जाते. लाकडी वा लोखंडी फळ्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवतात, तळाची दोरी चिखल ढवळते आणि कोळंबीबरोबर पिल्ले, शेवाळ, सगळेच वर येते. भारताच्या बाजूला किनाऱ्यालगतच्या तीन सागरी मैलांत ट्रॉलरना बंदी आहे आणि सीमारेषा तिथून फार दूर नाही. जी पट्टी उरते, ती दशकानुदशके खरवडून झाली आहे. तेथेही आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरचे आणि चार पारंपरिक नौकांचे, अशी वाटणी करावी लागली आहे. भांडण आधी घरातच होते.

युद्ध संपल्यावर जाफन्याचा मच्छीमार छोटी नाव आणि उभी जाळी घेऊन समुद्रात परतला, तेव्हा रात्रीत ट्रॉलर येऊन ती जाळी फाडून जाऊ लागले. हाही तमिळच, तोही तमिळच. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणारी मासेमारी स्वतःच्या नागरिकांसाठीही बेकायदा ठरवली. त्यामुळे आपल्या ट्रॉलरना तेथे परवाने द्या, ही मागणी कोलंबोत कोणी ऐकून घेण्याची शक्यता नाही. कच्चथीवू उद्या परत मिळाले, तरी रेषा काही मैलच सरकेल. ट्रॉलर जातात ते बेटाच्याही पुढे, जाफना आणि मन्नारच्या किनाऱ्यापर्यंत.

आंतरराष्ट्रीय कायदा मदतीला येतो का?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचे ७३ वे कलम सांगते, की अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडले, तर विशेष समझोता नसताना परदेशी मच्छीमाराला तुरुंगात टाकता येत नाही. वाजवी हमी घेऊन बोट आणि खलाशी लगेच सोडावे लागतात. हे कलम येथे लागू झाले असते तर मोठा दिलासा होता. पण १९७४ च्या कराराने पाल्कचे पाणी ‘ऐतिहासिक’ ठरवून रेषेच्या दोन्ही बाजूंना पूर्ण सार्वभौमत्व दिले आहे. त्यामुळे या पळवाटेचे दार बंद आहे.

दुसरीकडे काय केले जाते?

त्याच १९७०च्या दशकाच्या मध्यात नॉर्वे आणि सोव्हिएत संघाने बॅरेंट्स समुद्रासाठी संयुक्त मत्स्य आयोग नेमला. सीमा तर ठरलीच नव्हती. ती ठरायला २०१० उजाडले. तरी दोघांचे शास्त्रज्ञ एकत्र साठा मोजत, वर्षाला किती कॉड पकडायचा ते ठरत असे आणि वाटणी होत असे. युक्रेन युद्धानंतरही ही बैठक सुरू राहिली. भारत आणि श्रीलंकेने उलट केले : रेषा आधी आखली, मासळीचे व्यवस्थापन राहूनच गेले. संयुक्त कार्यगट स्थापन व्हायला २०१६ उजाडले आणि त्याच्या बैठकांत मुख्य विषय असतो तो अटकेतील मच्छीमारांचा.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. पालघर जिल्ह्यातील खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सर क्रीकचा वाद सुटलेला नसल्याने, जेथे रेषाच ठरलेली नाही अशा पाण्यात पाकिस्तानच्या हाती सापडतात. तेथे दोन देशांत आहे तो फक्त २००८ चा एक समझोता, १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या देण्याचा. मालवणच्या रापणकरांचे मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरशी असलेले भांडण तर जाफन्यासारखेच आहे, फक्त मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा नाही.

तोडगा काय?

केंद्राने २०१७ मध्ये पाल्कमधील दोन हजार ट्रॉलर बदलून खोल समुद्रातील बोटी देण्याची योजना आणली. ८० लाखांच्या बोटीत ५० टक्के केंद्राचे, २० टक्के राज्याचे, २० टक्के कर्ज आणि १० टक्के मालकाचे. प्रत्यक्षात फारच थोड्या बोटी समुद्रात उतरल्या. रात्री जाऊन सकाळी परतणाऱ्याला आठवडे बाहेर राहून ट्यूना पकडायला नुसती बोट पुरत नाही. बर्फ, प्रशिक्षण, खरेदीदार आणि कर्जाचे हप्ते थोपवणारी मुदत लागते. योजनेत हेच कच्चे राहिले. ट्रॉलर टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तारीख जोपर्यंत दिल्ली आणि चेन्नई मिळून जाहीर करत नाहीत, तोपर्यंत कोलंबोकडे पारंपरिक नौकांसाठीही सवलत मागता येणार नाही. विधानसभेच्या ठरावात अशी तारीख नव्हती. सध्या ट्रॉलर थांबतात ते १५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत. तेवढे दोन महिने जाफन्याची जाळी शाबूत राहतात.