विमानाचा सोळावा हिस्सा आणि आपला सुपर

खाजगी जेट विमानाचा सोळावा हिस्सा विकत घ्यायचा आणि वर्षाला सुमारे ५० तास उडायचे, ही कल्पना १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड सँटुली यांनी ‘नेटजेट्स’ या योजनेतून रुजवली. आपल्यापैकी कोणी असा हिस्सा घेईल असे वाटत नाही. (घेतलाच तर मंडळाच्या गणपतीला देणगी अवश्य द्यावी!) परंतु असा धंदा करणाऱ्या कंपनीचे शेअर घेण्याचा मोह मात्र आपल्या तरुण मंडळींना होऊ शकतो. शिवाय अनेकांच्या सुपरमधील परदेशी शेअर्समध्ये बर्कशायर हॅथवे असते, आणि नेटजेट्स १९९८ पासून तिच्याच मालकीची आहे. तेव्हा या धंद्याचा जमाखर्च पाहून ठेवलेला बरा.

ग्राहक तीन प्रकारे पैसे देतो: हिश्शाची किंमत, दरमहा व्यवस्थापन शुल्क आणि प्रत्येक तासाच्या उड्डाणाचे वेगळे. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! इतके मिळूनही कंपनीच्या हाती फारसे उरत नाही. काही तासांच्या सूचनेवर विमान देण्याची तिची हमी असते. सणासुदीला सगळ्यांना एकाच दिवशी विमान हवे असते, म्हणून जादा विमाने आणि वैमानिक बाळगावे लागतात. गिऱ्हाइकाला सोडून रिकामे परतणाऱ्या विमानाचे इंधन कंपनीच्याच माथी. खरी मेख पुढेच आहे. मुदत संपली की तो हिस्सा बाजारभावाने परत घ्यावा लागतो. म्हणजे ही कंपनी नकळत जुन्या विमानांची व्यापारीही होते.

२००८ च्या मंदीत नेमके हेच अंगाशी आले. ग्राहकांनी हिस्से परत केले, जुन्या विमानांचे भाव कोसळले, आणि २००९ मध्ये नेटजेट्सला करपूर्व ७१.१ कोटी डॉलर तोटा झाला. वॉरन बफे यांनी ही कंपनी ७२.५ कोटींना घेतली होती, हे लक्षात घ्या. भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच हिशेब मांडला: ११ वर्षांत एकूण १५.७ कोटींचा तोटा, आणि कर्ज १०.२ कोटींवरून १९० कोटींवर. बर्कशायरची हमी नसती तर कंपनी बंद पडली असती, असेही त्यांनी मोकळेपणाने म्हटले. पुढे खर्चाला कात्री लावल्यावर २०१० मध्ये २०.७ कोटींचा नफा झाला.

ज्यांच्या पाठीशी असा धनी नव्हता त्यांचे काय झाले? फ्लोरिडातील अवांतएअर २०१३ मध्ये बुडाली. आपले विमान ताब्यात घ्यायला गेलेल्या हिस्सेदारांना त्याचे सुटे भाग दुसऱ्याच विमानांना लावलेले आढळले. व्हील्स अपचा भर सभासदत्वावर होता. २०२१ मध्ये ती मोठ्या गाजावाजाने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, २०२२ मध्ये तिने सुमारे ५५.५ कोटींचा तोटा केला, आणि २०२३ मध्ये डेल्टा एअरलाइन्स व इतरांनी कर्ज देऊन बदल्यात ९५ टक्के मालकी घेतली. जुन्या भागधारकांकडे उरले ते पाच टक्के. हा अनुभव आपल्याला इथेही नवा नाही. २०२० मध्ये व्हर्जिन ऑस्ट्रेलिया प्रशासकाकडे गेली तेव्हा जुन्या भागधारकांना काहीच मिळाले नाही. नव्या मालकाने तीच कंपनी २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणली.

ऑस्ट्रेलियात हा धंदा मोठा होईल असे मला वाटत नाही. सिडनी ते पर्थ सुमारे ३,३०० किलोमीटर. लोकसंख्या मोजक्या शहरांत. परतीचे गिऱ्हाईक मिळणार कोठून? खाणमालकांना विमान लागते खरे, पण ते स्वतःचे बाळगतात किंवा भाड्याने घेतात.

राहिला नेटजेट्सच्या भवितव्याचा प्रश्न. २०२६ च्या आरंभी बफे यांच्या जागी ग्रेग एबल आले. त्याआधी, डिसेंबर २०२५ मध्ये, नेटजेट्सचे प्रमुख ॲडम जॉन्सन यांच्याकडे बर्कशायरच्या अनेक ग्राहकोपयोगी व किरकोळ विक्रीच्या कंपन्यांची जबाबदारी सोपवण्याचे ठरले होते. ज्या कंपनीच्या माणसाला वर चढवले, तीच कंपनी लगेच विकतील असे दिसत नाही. माझ्या मते ती आहे तिथेच बरी, कारण त्या अवाढव्य कारभारात एखादे वाईट वर्ष पचून जाते. निवृत्तीला दहा वर्षे उरलेल्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात ते पचत नाही.

कराचेही पाहा. शेअर विकून झालेला भांडवली तोटा इथे पगारातून वजा करता येत नाही, केवळ भांडवली नफ्यातूनच वजा होतो. अमेरिकन शेअरवर फ्रँकिंग क्रेडिट नाही, आणि डॉलरच्या चढउताराची टांगती तलवार वेगळीच.

तरीही उद्या अशी एखादी कंपनी बाजारात आली आणि कोणाला राहवले नाही, तर माहितीपत्रकातील विमानांची चित्रे ओलांडून आधी दोन आकडे शोधावेत: कर्ज किती, आणि ग्राहकांकडून परत घ्यावयाच्या हिश्शांचा बोजा किती. शंका असल्यास परवानाधारक सल्लागारास विचारावे.