विश्लेषण : डहाणूच्या समुद्राला सागरी अभयारण्याचे कवच का नाही?

डहाणू तालुक्यातील वाढवण येथील ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. बंदराचा ३२ किलोमीटरचा रस्ता चारोटीजवळच्या तवा येथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणार आहे. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घातला जाईल. मालवणचे संपूर्ण सागरी अभयारण्य २,९१२ हेक्टरांचे आहे. म्हणजे भराव त्याच्या जवळपास निम्मा.

डहाणू तर संवेदनशील तालुका होता ना?

होता आणि आहे. केंद्राने २० जून १९९१ रोजी तशी अधिसूचना काढली. पण तिचा भर कोणते उद्योग येऊ द्यायचे आणि कोणते नाहीत, यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले. २०२० मध्ये बंदरे प्रदूषणकारी उद्योगांच्या ‘लाल’ यादीतून बाहेर काढली गेली आणि जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. समुद्र तोच होता, बदलली ती वर्गवारी.

अभयारण्य असते तर?

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. नुसती उद्योगांची यादी बदलून ते जमत नाही. कवच अभेद्य नाही, पण जाड आहे.

मग मच्छीमारांनीच ते का मागितले नाही?

कारण मालवण. तिथे १९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, ते मच्छीमारांच्या विरोधातच. स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपूनच समुद्रातील हद्द ठरवावी, असे आज कायद्याचे कलम २६-अ सांगते. किनाऱ्यावर मात्र अभयारण्य म्हणजे मासेमारीबंदी, ही धास्ती कायम आहे. पापलेट, घोळ, शेवंडीवर जगणाऱ्या माणसाला बंदर नको, तसेच वन खातेही नको. गावानेच राखायचे ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ कायद्यात आहे, पण ते खासगी वा सामुदायिक जमिनीसाठी. समुद्र दोन्हींत बसत नाही.

२०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचे जागतिक उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये भारतानेही मान्य केले. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट ‘राज्यमासा’ झाला. त्याच्या आधी जेमतेम महिनाभर बंदराला परवानगी मिळाली होती.